पाणी स्थिर धरून

किटलीच्या तळाशी पांढरा थर जमतो हे कळायला बाबांना निवृत्त व्हावं लागलं. त्याआधी वर्षानुवर्षं ते त्याच किटलीतलं पाणी पीत होते, पण तिच्यात डोकावायला त्यांना सवड नव्हती. निवृत्त माणूस काय काय उघडून बघेल याचा नेम नसतो. बाबांनी आधी माळा उघडला, मग शिवणयंत्र उघडलं (ते अजून मिटायचं आहे), आणि एका सकाळी किटलीचं झाकण काढून ती खिडकीच्या उजेडात धरली.

"शास्त्रज्ञ, जरा इकडे या."

शास्त्रज्ञ म्हणजे मी. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यापासून घरात मला हीच हाक आहे. ती कुठल्या सुरात आली यावरून मी ओळखते की डाग काढायचा आहे की टोमणा मारायचा आहे. सध्या मी रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत काम करते. भिंतीचा रंग कशानं फुगतो, कशानं त्याचे पोपडे निघतात, हे दिवसभर मोजते. तेव्हा निदान पोपड्यांच्या बाबतीत तरी माझा शब्द शेवटचा मानायला हरकत नव्हती.

बाबांनी नखानं एक पोपडा सोलून माझ्यापुढे ठेवला. "हे काय?"

"कॅल्शियम कार्बोनेट. पाण्यातला क्षार. पाणी तापलं की तळाशी बसतो. त्यात वाईट काही नाही बाबा. खडू, चुनखडी, अंड्याचं कवच, सगळं हेच असतं."

"अंड्याचं कवच आपण खातो?"

"खात नाही, पण..."

"भिंतीला चुना लावतात तो?"

"त्याच घराण्यातला."

"म्हणजे आपण रोज थोडी थोडी भिंत पितोय," बाबा म्हणाले, आणि विषय माझ्या हातातून गेला.

आई ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. ती वळलीही नाही. "भिंत पिऊन अजून दोन जिने धापा न टाकता चढता," ती म्हणाली. "किटली ठेवा खाली. गॅस चालू आहे."

आता आईच्या चहाबद्दल सांगायला हवं, कारण खरं पणाला लागलं होतं ते तिथेच. आमच्या रस्त्याच्या टोकाला एक वाचनालय आहे. आई तिथे देवघेवीच्या खिडकीत बसायची. पुस्तकं देणं, पुस्तकं घेणं आणि उशीर करणाऱ्याकडे चष्म्यावरून बघणं हे तिचं काम होतं. त्याशिवाय मागच्या खोलीत ती सगळ्यांसाठी चहा करायची, तो तिच्या कामाचा भाग नव्हता. ती नोकरीतून मोकळी झाल्यावर वाचक कमी झाले असं ग्रंथपाल बाई म्हणतात, त्यातली अतिशयोक्ती मी वजा करते. तरीही त्यांनी नुकतंच मागच्या खोलीत चहाची एक खिडकी काढायचं ठरवलं आणि आईला विचारलं, तुम्ही सकाळच्या वेळी चालवाल का? आईनं "बघते" म्हणून सांगितलं. तिच्या भाषेत "बघते" म्हणजे होकाराच्या अलीकडचं स्टेशन. त्यानंतर ती बाजारातून येताना कपबशांच्या दुकानापुढे रेंगाळायला लागली. एकदा तर मी तिला रिकाम्या हातानं, हवेतल्या हवेत, किटली तिरकी धरून बघताना पकडलं.

आणि आई कुठलीच गोष्ट मोजत नाही. मी शाळेत असताना तिला विचारलं होतं की चहाची पूड किती घालायची. ती म्हणाली, "घालताना कळतं." माझ्यासारखीला, जिला दशांश चिन्हाशिवाय झोप येत नाही, हे उत्तर म्हणजे छळ होता. पण तिचा अंदाज कधी चुकलेला नव्हता, हा प्रयोगसिद्ध भाग होता.

तर पाणी. बाबांना हवं होतं शुद्ध पाणी, ज्यात पाण्याशिवाय काही नाही असं. मला वाटत होतं की नळाचं पाणी चांगलं आहे, त्यात क्षार आहेत ते असू द्यावेत, जंतू मारले की झालं. मी एका कागदावर दोन रकाने आखून बाबांना समजावलं. बाबा आयुष्यभर नकाशे काढत आलेले. त्यांनी माझे रकाने पाहिले, पट्टी घेतली, रेघा सरळ करून दिल्या आणि म्हणाले, "छान. आता यंत्र बघायला बोलावू."

ही बातमी जिन्यात कशी पोचली ते मला माहीत नाही. आमच्या इमारतीत पाण्याआधी बातमी वर चढते. समोरच्या काकू संध्याकाळी दारात उभ्या. त्यांचा कशावरच विश्वास नाही, म्हणून त्या सगळं भरून ठेवतात. पिंप, बादल्या, कळशा, एक जुनं आंघोळीचं घंगाळ, सगळं नळाच्या पाण्यानं भरलेलं.

"शुद्ध पाणी घेऊ नका हो," त्या आईला म्हणाल्या. "ते हाडं ओढून घेतं. माझ्या नणंदेच्या जावेनं घेतलं. आता बसली की उठत नाही."

"काकू, त्या किती वर्षांच्या आहेत?" मी विचारलं.

"शहाऐंशी. पण आधी उठायची."

दुसरं मत खालच्या मजल्यावरून आलं. तिथे इमारतीचे सेक्रेटरी राहतात. त्यांना सगळे पाठीमागे पोटनियम म्हणतात, कारण ते कुठलंही वाक्य पोटनियमाशिवाय सुरू करत नाहीत. त्यांनी सांगितलं की पोटनियमांत यंत्राला मनाई नाही, पण यंत्राला परवानगीही नाही. मग त्यांनी आवाज खाली आणून खासगी सल्ला दिला. शुद्ध पाणी घ्यावं आणि वरून बाटलीतले खनिजांचे थेंब टाकावेत.

"म्हणजे आधी काढायचं आणि मग घालायचं?" आईनं विचारलं.

"हो, पण शुद्ध घालायचं," पोटनियम म्हणाले.

यंत्रवाला रविवारी आला. हसतमुख, तुकतुकीत, हातात छोटी पेटी. त्यानं दोन ग्लास मांडले, एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्राचं. दोन्हींत लोखंडी सळयांची एकेक जोडी बुडवली आणि वीज चालू केली. बघता बघता आमचा ग्लास तपकिरी झाला, मग गढूळ, मग त्यावर गाळ तरंगायला लागला. त्याचा ग्लास तसाच नितळ. बाबांनी माझ्याकडे बघितलं. पोराचं प्रगतिपुस्तक हातात आल्यावर वडील बघतात तसं.

"तो गाळ पाण्यातला नाही," मी म्हणाले. "तो तुमच्या सळयांचा गंज आहे. आमच्या पाण्यात क्षार आहेत म्हणून त्यातून वीज जाते आणि लोखंड विरघळतं. तुमच्या पाण्यातून वीज जातच नाही."

"मॅडम अगदी बरोबर बोलतायत," यंत्रवाला आदरानं म्हणाला, आणि बाबांकडे वळला. "पण सर, माझ्या पाण्यात काही झालं का?"

"काही नाही झालं," बाबा म्हणाले.

यंत्रवाला तर्काला बधणारा नव्हता, तेव्हा मी प्रयोगाला हात घातला. मिठाची बरणी आणली आणि त्याच्या नितळ ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं. तोही ग्लास तपकिरी झाला, आमच्यापेक्षा लवकर. मी हात झाडले आणि जमलेल्या विद्वत्सभेकडे वळले.

बाबा बराच वेळ ग्लासाकडे बघत होते. मग त्यांनी आईला विचारलं, "हे मीठ कुठून आणतेस तू?"

यंत्र बसलं. त्याच दिवशी मीठही बदललं.

यंत्राबद्दल एक गोष्ट त्या हसतमुख माणसानं शेवटी, चपला घालताना सांगितली. एक भांडं शुद्ध पाणी काढायला ते तीन भांडी पाणी टाकून देतं. टाकलेलं पाणी नळीतून गॅलरीत जाणार होतं. पण गॅलरीतून ते पोटनियमांच्या वाळत घातलेल्या सदऱ्यावर गेलं, आणि पोटनियमांना बाराव्या कलमात नेमका त्याच सदऱ्याचा उल्लेख सापडला. नळी दुसरीकडे वळवायला भिंतीला भोक पाडावं, तर त्याला समितीची परवानगी हवी, समिती बसायला कोरम हवा, आणि कोरममधले दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. तोवर बाबा ते पाणी बादल्यांत धरायला लागले. धरलेलं पाणी फेकणं त्यांच्या स्वभावात नाही. म्हणून त्यांनी आधी घर पुसलं, मग जिना पुसला, मग खालची सायकल ठेवायची जागा, मग सायकली. लोक चपला हातात घेऊन घरी यायला लागले. इतक्या स्वच्छ जिन्यावर पाय ठेवायला कुणाला धीर होईना.

आणि याच सुमारास आईचा चहा बिघडला.

आधी बाबा बोलले. ते नेहमी आधी बोलतात आणि नंतर विचार करतात, निवृत्तीनंतर मधला वेळ वाढला आहे. "आज चहा जरा तुरट झालाय का?" त्यांनी विचारलं. आईनं घोट घेतला. दुसऱ्या दिवशी पूड कमी घातली तर चहा नुसताच लाल झाला, चवीचा पत्ता नाही. त्याच्या पुढच्या दिवशी वाटाणे शिजवले त्यांचा पार लगदा झाला. आईनं झाकण काढलं आणि ती पातेल्यात बघतच राहिली, आपल्या ओळखीचं माणूस ओळख न दाखवता निघून गेल्यासारखं.

"होतं असं एखाद्या वेळेस," बाबा म्हणाले.

"नाही होत," आई म्हणाली. "मला माहितीये किती वेळ लागतो."

"वय होतं गं माणसाचं," बाबांनी समजूत काढली. त्यांच्या समजुती काढण्यावर कायद्यानं बंदी हवी.

त्यानंतर आईनं जे केलं त्यानं मी हादरले. तिनं मला चमचा मागितला. मोजायचा. औषधाच्या बाटलीबरोबर येतो तसला, रेघा असलेला. सकाळी उठून पाहते तर ती ओट्यापाशी चष्मा लावून, पूड त्या चमच्यात सपाट करत होती, आणि ओठ हलत होते. मोजत होती. मी आयुष्यभर जे मागितलं ते मला मिळालं होतं, आणि मला ते अजिबात नको होतं.

त्या संध्याकाळी ती म्हणाली, "वाचनालयात नाही म्हणून सांगून येते. लोक पैसे देऊन पिणार. हात गेला तर गेला, चारचौघांत कशाला दाखवायचा."

"आई, थांब," मी म्हणाले. "मी याच्या मुळाशी जाते."

"मुळाशी काय जायचंय? चहा आहे तो."

पण मी शास्त्रज्ञ होते. दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात दांडी मारली आणि ओट्यावर कप मांडले. प्रत्येकाला चिकटपट्टीवर क्रमांक. एका कपात जुनी पूड, एकात नवी. एकात दूध आधी, एकात नंतर. आच मंद, आच मोठी. पातेलं हे, पातेलं ते. नवं मीठही तपासलं, चहात मीठ नसतं तरीही, कारण पूर्वग्रह नको. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकीच्या स्थिर धरायच्या, हा शास्त्राचा पहिला धडा. आणि बाकीच्या सगळ्या गोष्टींत सर्वांत स्थिर धरण्यासारखं घरात काय होतं? पाणी. यंत्राचं, नितळ, शुद्ध, मीटरवर जवळजवळ शून्य आकडा दाखवणारं. त्यात शंकेला जागाच नव्हती. मी सगळ्या कपांना तेच पाणी घेतलं आणि वहीत मोठ्या अभिमानानं तशी नोंद केली.

सगळे कप सारखेच तुरट झाले.

मग उरला एकच घटक, चव घेणारी जीभ. मी साखरेचं पाणी तीन तीव्रतांचं करून आईला चाखायला दिलं.

"परीक्षा घेतेस माझी?"

"नाही गं. तुलना."

तिनं तिन्ही चाखले आणि न चुकता क्रम लावला. वर "दुसऱ्या पेल्याला साबण राहिलाय" असंही सांगितलं. राहिला होता. तेव्हा जीभही ठीक होती. मी शोधनिबंधाच्या शेवटी लिहितात तसं मनात लिहून टाकलं की अधिक संशोधनाची गरज आहे. आईनं कपांवरच्या चिकटपट्ट्या नखानं काढल्या, कप घासले, उपडे घातले आणि म्हणाली, "गुरुवारी जाऊन सांगते."

आता पाणी खात्याचं प्रकरण सांगते, कारण ते मधल्या काळात माझ्याकडून घडून गेलं होतं. यंत्र बसल्यावरही बाबांशी माझा वाद मिटला नव्हता. नळाचं पाणी चांगलं आहे हे मला सरकारी आकड्यानिशी सिद्ध करायचं होतं. म्हणून मी पाणी खात्याच्या कचेरीत गेले होते. खिडकीमागच्या कारकुनानं विचारलं, "तक्रार काय?"

"तक्रार नाही. आमच्या भागातल्या पाण्याचं काठिण्य, म्हणजे त्यात क्षार किती, ते हवंय."

"मग तक्रार क्रमांक?"

"तक्रारच नाही तर क्रमांक कुठून?"

"बरोबर," तो म्हणाला, "आणि क्रमांकाशिवाय तपासणी नाही, तपासणीशिवाय आकडा नाही." त्याला माझी कीव आली असावी. त्यानं संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. त्यावर चार पर्याय होते: गढूळपणा, वास, दाब, चव. "यातलं एक घ्या ना. कुणाला त्रास थोडाच होणारे?"

मी प्रामाणिक आहे. चारांतलं सगळ्यात कमी खोटं कुठलं याचा मी विचार केला आणि "चव" निवडलं. शेऱ्याच्या रकान्यात "चव चांगली आहे, फक्त आकडा हवा" असं सांगितलं. त्यानं टंकलं, "चव." आणि पुढच्याला बोलावलं.

गुरुवारी सकाळी, आई वाचनालयात जायला साडी काढत असताना, पाणी खात्याची दोन माणसं पाना घेऊन आली आणि त्यांनी इमारतीचा नळ बंद केला. चवीची तक्रार म्हणजे टाकीत काही मेलेलं असू शकतं, म्हणून टाकी रिकामी करायची आणि घासायची, असा त्यांचा नियम. पोटनियमांनी जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याचा नियम ऐकून घेतला, आणि तो त्यांना आवडला नाही. वरून टाकीतलं पाणी सोडल्याचा धबधब्यासारखा आवाज आला. मग शांतता. मग प्रत्येक मजल्यावरून एकेक दार उघडल्याचा आवाज.

जिन्यात सगळे जमले. कुणाच्या तोंडाला फेस, कुणाच्या केसांना. पाणी खात्याचा मोठा माणूस हातातला कागद वाचत म्हणाला, "तक्रारदार कोण?"

मी वरच्या पायरीवर होते. मागे सरकायला जागा नव्हती, मागे बाबांची बादली होती.

"मी," मी म्हणाले. "पण ती तक्रार नव्हती. ती चौकशी होती. मला फक्त कॅल्शियमचा..."

"ताई, शॅम्पू डोळ्यात जातोय," दुसऱ्या मजल्यावरचा एक आवाज म्हणाला.

"पोटनियमांप्रमाणे," पोटनियम खालून गरजले, "इमारतीबाहेर तक्रार करण्याआधी ती सेक्रेटरीकडे..."

"काय वाईट चव होती गं?" समोरच्या काकूंनी दुखावल्या सुरात विचारलं. पाणी जणू त्यांनी घरी केलं होतं.

माझ्या हुद्द्याचा, पदवीचा आणि कारखान्यातल्या अनुभवाचा त्या जिन्यात कुणाला काही उपयोग नव्हता. बाबा पुढे झाले. मला वाटलं, मला वाचवणार. ते म्हणाले, "ती लहानपणापासून अशीच आहे." आणि त्यांनी आपल्या बादल्यांतलं पाणी फेसवाल्यांना मगांनी वाटायला सुरुवात केली. त्या पाण्याचा यंत्र बसल्यापासूनचा हा पहिला खरा उपयोग.

आई आतून आली. जिन्यातली गर्दी, पाना घेतलेली दोन घामाघूम माणसं, लाल झालेले पोटनियम आणि माझं तोंड, सगळं तिनं एका नजरेत पाहिलं. "अहो, असे दारात काय उभे?" ती म्हणाली. "आत या. चहा टाकते."

आणि बोलून झाल्यावर तिला आठवलं. तिचा चेहरा मी बघत होते. शब्द परत घेता येतील का, असं क्षणभर तिला वाटून गेलं. पण तोवर पाणी खात्याची माणसं चपला काढत होती, आणि त्यांच्यामागे भांडण अर्धवट सोडायला तयार नसलेले पोटनियम.

स्वयंपाकघरात यंत्रावर लाल दिवा लागला होता. नळाला पाणी नाही तर यंत्र तरी काय गाळणार? त्याच्या टाकीतलं होतं ते सकाळी संपलं होतं. आईनं दोनदा खटका दाबला. मला वाटतं, तिला सुटल्यासारखंच झालं.

"पाणीच नाही हो," ती बाहेर सांगायला वळली.

"नाही कसं?" समोरच्या काकू म्हणाल्या. इतक्या वर्षांनी त्यांचा दिवस उगवला होता. त्या गेल्या आणि कळशी घेऊन आल्या. "घ्या. कालच भरलंय. आमचं आपलं साधंच आहे, चव कशी काय असेल कुणास ठाऊक." शेवटचं माझ्याकडे बघून.

आईनं मोठं पातेलं चढवलं. इतकी माणसं, त्यात रेघांचा चमचा सापडेना. (तो माझ्या खिशात होता. सकाळी आणखी एक कप करून बघताना मी तो वापरला होता.) बाहेर पोटनियम सातवं कलम सांगत होते, पाणी आधणाला आलं होतं. आईनं डबा उघडला आणि मुठीनंच पूड घातली. मग दूध. मग एकदा आच कमी केली, एकदा वाढवली, आणि गॅस बंद केला.

कप फिरले. पोटनियम म्हणत होते, "शिवाय कलम आठनुसार..." त्यांनी घोट घेतला. कलम आठ आजतागायत कुणाला कळलेलं नाही.

पाणी खात्याचा मोठा माणूस कपात बघत होता. धाकट्यानं आपला संपवला आणि जरा लाजत विचारलं, "मावशी, आहे अजून?"

बाबांनी घोट घेतला आणि या खेपेला विचार न करता बोलले ते बरं झालं. "अगं, हा तर आपला चहा आहे!"

आईनं सगळ्यांत शेवटी घेतला, ओट्याला टेकून. एक घोट. दुसरा. मग तिनं कळशीकडे बघितलं. मग यंत्राकडे. मग माझ्याकडे.

मला वाटतं, ते आम्हा दोघींना एकाच वेळी कळलं, फक्त मला त्यासाठी एम.एस्सी. व्हावं लागलं होतं. क्षार नसलेलं पाणी पुडीतून जास्त तुरटपणा ओढतं, वाटाणे पटकन मऊ करतं. तिचा सगळा अंदाज आमच्या नळाच्या पाण्यावर घडलेला. मी पूड बदलली, दूध बदललं, पातेलं बदललं, तिची जीभ तपासली. आणि जी एकच गोष्ट चहात बदलली होती ती दिवसभर स्थिर धरून बसले.

"क्षार," मी म्हणाले. "आई, ते क्षार होते. पाण्यात कॅल्शियम नसलं की..."

"म्हणजे माझा हात नव्हता?"

"नाही."

"इतके दिवस मी काय काय विचार केला माहितीये तुला?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "रात्री उठून मी भाज्यांची नावं म्हणून बघत होते. विसरायला लागले की काय म्हणून. आणि तू मला साखरेचं पाणी पाजत होतीस!"

बाहेरून बाबांनी ऐकलं असावं. ते आत आले, यंत्राचं बटण बंद केलं, जे आधीच बंद होतं, आणि म्हणाले, "वय होतं असं मी म्हणालो होतो. माझ्याबद्दल म्हणालो होतो ते."

"तुमच्याबद्दल बरोबरच होतं," आई म्हणाली, आणि त्यांच्या कपात अजून थोडा चहा ओतला.

पाणी खात्याच्या मोठ्या माणसानं कागद काढला. "मावशी, तक्रारीचं काय लिहू? चव असं लिहिलंय इथे."

"आहे म्हणावं," आई म्हणाली.

त्यानं तसं लिहिलं. काठिण्याचा आकडा मला आजपर्यंत मिळालेला नाही.

यंत्र आम्ही परत केलं नाही. बाबा ते पाणी पितात आणि त्यांना वाटतं त्यांची तब्येत सुधारली आहे. जिना पुसून पुसून खरंच सुधारली आहे. ओट्यावर आता दोन भांडी असतात, एक पिण्याचं, एक चहाचं, आणि त्यांतलं कुठलं शुद्ध यावर आमच्या घरात मतदान होत नाही.

त्याच गुरुवारी, कप घासायचे होते तेव्हा, फोन वाजला. ग्रंथपाल बाईंचा. आई सकाळी येणार होती आणि आली नाही म्हणून. आईनं साबणाचे हात साडीला पुसले. बाबा आणि मी दारात. आमच्यामागे समोरच्या काकू, कळशी न्यायच्या निमित्तानं.

"हो, येणारच होते सांगायला," आई म्हणाली. मग बराच वेळ ऐकत राहिली. मग तिच्या कपाळावर आठी पडली.

"हे बघा, तुम्ही शेगडी त्या आतल्या भिंतीला लावली असेल तर मी एक पाऊल टाकणार नाही. खिडकीखाली घ्या. नाही, आजच हलवा. आणि ते कागदी पेले परत करा. कागदातून कुणी चहा पितं का? ... पाणी? पाणी नळाचंच. यंत्रबिंत्र बसवू नका. का म्हणजे? त्याला कारण आहे शास्त्रीय. थांबा, आमची शास्त्रज्ञ सांगेल."

तिनं फोन माझ्या हातात दिला. बाबांनी मला मानेनं खूण केली, सांग म्हणून. काकूंनी पदर सावरला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी मला विचारत होतं. मी घसा साफ केला.

"त्याचं असं आहे," मी म्हणाले, "पाण्यातले कॅल्शियम आणि बायकार्बोनेट..."

"ते असू दे गं," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "तुझी आई सोमवारी किती वाजता येणार, तेवढं सांग."